डावीकडे न वळणारं विमान

"त्यात काय आहे? संध्याकाळच्या चहापर्यंत खेळ चालू करून देते," असं लेकीनं आईला सांगितलं, तेव्हा सकाळचा चहा अजून कपातच होता. पदार्थविज्ञानाची पदवी नवीकोरी होती, त्यामुळे कुठल्या कामाला किती वेळ लागतो याचा तिला अजून अंदाज यायचा होता.

प्रश्न बाबांच्या उजव्या हाताचा होता. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून तो मांडीवर नुसता पडून असे, पाहुण्यानं विसरून ठेवलेल्या पिशवीसारखा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी बजावलं होतं की बोटं हलायची ती येत्या काही महिन्यांतच हलतील. पण त्यांनी दिलेला रबरी चेंडू बाबा उशीखाली सरकवून ठेवत आणि ताईंनी विचारलं की "झाला" म्हणत. त्यांनी स्वतःहून मागितलं ते एकच: ऑफिसात मधल्या सुट्टीत खेळायचे तो विमानाचा खेळ. वरून राक्षस उतरतात, खालून आपलं विमान त्यांना टिपतं. ऑफिसातल्या सोबत्यांनीच तो तिथल्या संगणकासाठी लिहिला होता. संगणक कधीच भंगारात गेला, पण खेळाचा प्रोग्रॅम बाबांनी जपून ठेवला होता.

तो संगणक युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा आणि लेकीच्या टेबलावरचाही युनिक्सचाच. पण ही चुलत घराणी. आडनाव एक, आणि एकाच्या घरची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागेल तर शपथ. पहिल्या फटक्यात नव्या यंत्रानं इतक्या चुका काढल्या की त्या वाचता वाचता संध्याकाळचाच काय, दुसऱ्या दिवशीचाही चहा गार झाला.

अखेर खेळ उघडला. बाबांना खुर्चीत बसवलं, आई मागे उभी राहिली. राक्षस आले आणि बाबांचा हात कळांपर्यंत पोचायच्या आत खेळ संपलासुद्धा!

"जिंकलो का हरलो?" बाबांनी विचारलं.

जुना खेळ जुन्या यंत्राच्या संथपणावर विसंबून होता. लेकीनं नव्याला लगाम घातला. मग राक्षस गुलाबी निघाले, कारण रंगांचे आकडे हे यंत्र उलट्या बाजूनं वाचत होतं. आई म्हणाली राहू दे, गोड दिसतात. बाबांचा चेहरा पाहून लेकीनं तेही दुरुस्त केलं, दोनचार गोळ्या झाडून पाहिल्या आणि कामासाठी ती आठवडाभर परगावी गेली.

आई फोनवर सांगे, बाबा दिवसभर खेळतात आणि दिवसभर तुझ्या नावानं बोटं मोडतात. पहिल्या बातमीनं लेक इतकी खूश झाली की दुसरीचं कारण विचारायचं राहूनच गेलं.

परत आली तर दारातच ताई. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "अगं, कुठं शिकलीस हे? इतक्या वर्षांत मला नाही सुचलं."

लेकीला काही कळेना. आत जाऊन पाहते तर बाबांच्या डाव्या हाताखाली डावीकडे जायची आणि गोळीची कळ, उजव्या हाताखाली उजवीकडे जायची. यातली डावीकडची दाबली की विमान उजवीकडेच लांब फेकलं जाई, थेट राक्षसाच्या तोंडात. म्हणून बाबा तिला हातच लावत नव्हते. डावीकडे जायचं तर अख्खा पडदा उजवीकडून ओलांडायचा, तिकडून बाहेर पडलेलं विमान डाव्या टोकाला उगवायचं. डावा हात गोळ्या झाडण्यात गुंतलेला. त्यामुळे हे सगळं उजव्या हाताच्या बोटांनी, हळूहळू, कुरकुरत, दिवसभर.

"मुद्दाम केलंस ना?" बाबा म्हणाले. आईनं तर शेजारी सांगूनही टाकलं होतं.

लेक म्हणाली, "हं."

मग एकटी असताना तिनं कारण शोधलं. एक पाऊल डावीकडे म्हणजे उणे एक. प्रोग्रॅममधल्या एवढ्याशा खणात जुनं यंत्र उणे संख्या ठेवू शके. नव्याला त्या खणात उणे काही असतं हेच ठाऊक नव्हतं. ते उणे एकाला दोनशे पंचावन्न वाचत होतं आणि विमानाला तितकी पावलं उजवीकडे भिरकावत होतं. चूक सापडल्यावर ती तशीच ठेवणं लेकीच्या शिक्षणात बसेना. या खणात उणेही चालतं, असं यंत्राला सांगणारा एक शब्द तिनं प्रोग्रॅममध्ये घातला. विमान सुतासारखं सरळ आलं.

"आता कसं शहाण्यासारखं वागतंय," बाबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून उजवीकडे जायचं असलं तरी डाव्या हातानं डावीकडूनच पडदा ओलांडू लागले. उजवा हात पुन्हा मांडीवर.

पुढच्या खेपेला ताईंनी बोटं दाबून पाहिली, ती पुन्हा सुस्तावली होती. "काय बदललंत?" एवढंच त्यांनी विचारलं. लेक उठली आणि तो शब्द काढून आली.

सकाळी बाबांनी डावीकडची कळ दाबली आणि विमान राक्षसाच्या घशात गेलं. त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. ती पडद्याकडे वाकली, तोच त्यांनी तिचा कान धरला आणि पिळला.

"चांगली चालणारी वस्तू मोडलीस कशाला?"

लेक ओरडणार होती. मग तिला कळलं, कान उजव्या हातात आहे. पकड सैल होती, पण अंगठा आणि बोट नीट एकमेकांना भेटले होते.

"बाबा," ती म्हणाली, "अजून जोरात."

आईनं डोळे पुसत ताईंना फोन लावला. ताईंना मनापासून आनंद झाला. रबरी चेंडू बंद करा म्हणाल्या, आणि हाच व्यायाम रोज सकाळ-संध्याकाळ, दोन्ही कानांवर.