कोपरा फाडलेलं कार्ड

ढोमणे सर विद्यार्थ्यांना शाबासकीची पोस्टकार्डं पाठवायचे, आणि प्रत्येक कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. सरांना कळत नव्हतं असं नाही. गणिताचा माणूस होता, डोकं शाबूत होतं.

एका मुलीच्या घरी चुलीवरचा भात उतरवून सगळे सुतकाच्या आंघोळीला गेले, मग कळलं की तिची भूमिती सुधारली आहे. हेडमास्तरांनी सरांना बोलावून झापलं. सर शांतपणे म्हणाले, "पण वाचलं ना त्यांनी?" कुठल्याही तक्रारीवर त्यांचं हेच उत्तर असायचं.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी मॅट्रिकला होते. सहामाहीत गणितात नापास झाले आणि बाबांनी निकाल लावला, "पुरे झालं शिक्षण. बोर्डाचा फॉर्म भरायचा नाही." आमच्या घरी बाबांपुढं कुणी तोंड उघडायचं नाही. सरांनी फॉर्मचं विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, बाबा नको म्हणतात.

आठवड्यानं कार्ड आलं. पोस्टमन चपला काढून दारात उभा. आईनं वर्ध्याचे आजारी मामाच गेले असं धरून रडायला सुरुवात केली. शेजारच्या दोघी धावत आल्या, आणि बाबा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू लागले, "चि. सुमन, तुझी रीत बरोबर असते, शेवटी घाबरतेस. वर्गात सर्वांत जास्त प्रश्न तूच विचारतेस. फॉर्म भर. तू पास होशील."

हसावं की मरावं मला कळेना. मामा जिवंत आहेत हे कळूनही आईचं रडं थांबेना.

बाबांनी मला सायकलवर बसवलं आणि थेट रामदासपेठेत सरांच्या खोलीवर नेलं.

"मास्तर, हे काय करून राहिले तुम्ही? माही बायको बेशुद्ध पडली असती. साधं कार्ड काहून नाही टाकलं?"

"साधं कार्ड तुम्ही बाकीच्या पत्रांसंगं तारेत टोचून ठेवलं असतं, भाऊ," सर म्हणाले. "वाचलं ना?"

बाबांचा पारा असा चढला की मी डोळेच मिटून घेतले.

सरांनी स्टूल पुढं केलं. मग खाली पाहत म्हणाले, "माही बहीण लय हुशार होती. तिची शाळा सोडवली, तं तिच्या बाईंचं कार्ड आलं होतं. पोरीले परत पाठवा म्हणून. मीच ते न वाचता तारेत टोचलं. वाचलं तवा तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाले होते."

खोलीत एकच ताट, एकच गादी आहे, हे मला तेव्हा दिसलं.

"आता कुठं असते ती?" बाबांनी विचारलं.

"कुहीले, सासरी. मी गेलो का चहा देते. दादा म्हणते. शाळेचं काही बोलत नाही."

बाबा स्टुलावर बसले नाहीत. परतताना सायकल हातात धरून पायीच निघाले. मी मागून रडत चालले होते. सरांचा इतका राग आला होता, आणि आता त्यांचंच वाईट वाटत होतं.

बरंच अंतर गेल्यावर बाबा थांबले.

"फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे वं?"