बुधला धुतला त्याची गोष्ट

"बाबा, आई अजून किती दिवस नवे अनुभव घेणार आहे?"

तंबूत आमची अंथरुणं एकाला एक लागून. त्यामुळे आयिम तिच्या बाबांच्या कानात जे कुजबुजली, ते माझ्याही कानात कुजबुजली. चौदा वर्षांची आहे, कुजबुजते पण दवंडी पिटल्यासारखी!

"अकरा दिवस," रजईतून माझ्या नवऱ्याचा, कुबातचा, आवाज आला. "झोप."

"अकरा!"

"हळू. उठेल ती."

मी जागीच होते, आणि गालातल्या गालात हसत होते. म्हटलं, कुरकुरा लेको! अकरा दिवसांनी हीच पोरगी माझ्या गळ्यात पडून म्हणेल की आई, असा उन्हाळा आयुष्यात झाला नाही. तसा तो झाला नाही, हे खरंच आहे. पण ते पुढे.

त्याचं असं झालं. बिश्केक शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात मी वीस वर्षं समोरच्या टेबलावर बसते. पेशंटना बसवते, धीर देते, आणि ते आत ओरडत असताना मासिकं वाचते. एका मासिकात आलं होतं: 'उन्हाळा वाया घालवू नका! सात नवे अनुभव, समृद्ध जीवन!' मी हिशेब केला, माझे अठ्ठेचाळीस उन्हाळे वाया गेले होते. दरवर्षी आम्ही सासूसासऱ्यांकडे वरच्या कुरणावर जायचो खरे, पण दोनच दिवस. मी चपला घालून गाडीतून उतरायचे, मांस खायचे, कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा पुढे आला की "पोट जरा बरं नाही" म्हणायचे आणि चपलेला शेण लागायच्या आत परत गाडीत. यंदा मात्र मी जाहीर केलं, पूर्ण दोन आठवडे! सात अनुभवांची यादी केली आणि तंबूच्या लाकडाला दोऱ्याने टांगली.

पहिला अनुभव, घोडीचं दूध काढणे. तो दुसऱ्याच दिवशी उरकला. अपॉइंटमेंट न घेता आलेल्या पेशंटकडे मी जशी बघते, तशी ती घोडी माझ्याकडे बघत होती. मग तिने बादलीचा चेंडू केला. असो.

घोळ घातला तो चौथ्या अनुभवाने. 'घरातल्यांना न सांगता त्यांचं एखादं काम करा आणि त्यांना चकित करा.'

संधी चालून आली. चार दिवसांनी आमच्याकडे पहिल्या कुमिसची मेजवानी होती. उन्हाळ्याच्या तोंडाला शिंगरं दोराला बांधली, घोड्या पिळायला सुरुवात झाली, की हंगामातला पहिला कुमिस शेजाऱ्यांना पाजायचा, म्हाताऱ्यांनी तोंडभर आशीर्वाद द्यायचा, मग हंगाम सुरू. चाळीस वर्षं खोऱ्यातली पहिली मेजवानी सासूबाईंच्या तंबूत होते. तिचंच आमंत्रण करायला त्या सकाळी घोड्यावर टांग टाकून वरच्या अंगाला गेल्या. वय वर्षं बहात्तर! सासरे आणि कुबात घोड्यांमागे. आयिम फोनला रेंज शोधत टेकडीवर. आणि मी तंबूत एकटी, हात शिवशिवताहेत.

समोर खुंटीला सासूबाईंचा कुमिसचा बुधला. कातड्याचा, कोळशासारखा काळा, आतून बाहेरून धुराचा थर. तळाशी दोन वाडगे काहीतरी करडं, फसफसणारं, आंबूस उरलेलं. वीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काढलेल्या बाईला असा तळ दाखवू नये! ते करडं मी गवतात ओतलं. बुधला ओढ्यावर नेला. भांड्यांचा साबण, खायचा सोडा, काथ्या. दीड तास घासला. पाच पाणी काळी निघाली, सहावं स्वच्छ. बुधला असा उजळला की आत एखादं बाळ झोपवावं! तो मी उन्हात वाळत घातला आणि बाजूला बसून, चकित व्हायला कोण येतंय याची वाट बघू लागले.

कुबात आला.

"मायराम, हे काय वाळतंय?"

"ओळख!"

त्याने ओळखलं, आणि बुधल्यात डोकावून पाहिलं.

"आतलं कुठाय?"

"ते नासलेलं? फेकलं."

"नासलेलं नव्हतं, ते विरजण होतं!" त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. "माझ्या आजीपासूनचं. दर हिवाळ्यात आई ते स्वतःच्या अंथरुणाशेजारी ठेवते. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा आधी बुधल्यावर पांघरूण घातलं होतं तिने, मग माझ्यावर!"

"मग... दुसरं लावू. दही लावतो तसं."

"कशाने लावणार? तुझ्या साबणाने? चार दिवसांनी सगळं खोरं इथे येऊन बसणार आहे. आईकडे मिरवायला दुसरं काय आहे, मायराम? एवढा एक कुमिस!"

मी घड्याळ पाहिलं. सासूबाई संध्याकाळी परतणार. त्याच्या आत बुधल्याला फांद्यांचा धूर द्यायचा, कुठून तरी विरजण आणायचं, ताजं दूध ओतायचं आणि काहीच झालं नाही असं तोंड करायचं.

"शेजारी कुणाकडे असेल?"

"बाकीच्यांनी अजून शिंगरं बांधलेली नाहीत. फक्त..." त्याने ओढ्याकडे पाहिलं.

"फक्त काय?"

"ओढ्यापलीकडे. उल्बोसुन आपा."

झालं! उल्बोसुन आपा म्हणजे सासूबाईंची बालमैत्रीण आणि गेल्या सात उन्हाळ्यांची वैरीण. कुणाचा कुमिस सरस यावरून एका लग्नात वाजलं, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या मेजवानीला येतात, शेजारी बसतात आणि एक अक्षर बोलत नाहीत.

"तू जा," मी म्हटलं.

"मी? मी तिच्या दारात गेलो तर आई मला मुलगा म्हणणार नाही. तू जा, तुझा अनुभव आहे."

गेले. ओढा ओलांडताना गुडघ्यापर्यंत भिजले. उल्बोसुन आपांचा कुत्रा वासराएवढा, तो माझी पाठराखण करत थेट दारापर्यंत आला. म्हणजे मी पुढे आणि त्याचे दात मागे.

"या या, बिश्केकची सून!" आपा चुलीपाशी घुसळत बसल्या होत्या. "दात बघायला आलीस की काढायला?"

"आपा, वाटीभर विरजण हवं होतं."

त्यांची रवी थांबली. "तुझ्या सासूने पाठवलं?"

"नाही! त्यांना कळलं तर..." आणि मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. साबण, सोडा, काथ्या, सहा पाणी. मला वाटलं, आता ही म्हातारी टाळ्या पिटणार. पण त्यांनी वाडगा भरून माझ्या हातात दिला. "आधी पी."

इथे पोट बरं नाही म्हणायची सोय नव्हती. डोळे मिटून प्यायले. आणि काय सांगू! गार, आंबटगोड, जिभेवर नाचणारा, मागून हलकासा धुराचा वास. याला मी अठ्ठेचाळीस वर्षं नाही म्हणत होते?

"कुमिस असा लागतो," आपा म्हणाल्या. "तुमच्याकडचा प्यायलीस का कधी?"

"नाही."

"वाचलीस. दोन हिवाळ्यांमागे तिला ताप आला ना, तेव्हापासून नाक गेलंय तिचं. वास नाही, चव नाही. धूर चौपट देते, घोड्याचा लगाम चघळल्यासारखा लागतो. सगळं खोरं एका घोटात गिळतं, वा वा म्हणतं आणि टेकडीमागे जाऊन थुंकतं."

"आणि त्यांना कुणी सांगत नाही?"

"तू सांग."

"मी? तुम्ही तर मैत्रीण!"

"आम्ही बोलत नाही," आपा ताडकन म्हणाल्या. मग रवीकडे बघत, "कोणत्या तोंडाने सांगू? बोलत असते तरी सांगितलं नसतं."

त्यांनी प्लॅस्टिकची बाटली भरून दिली. "झाकण सैल ठेव. आणि एक लक्षात ठेव, मेजवानीला मी येणार. पहिला घोट घेताना तिच्याकडेच बघत बसणार आहे!"

हे प्रेमाने म्हटलं की धमकावलं, मला आजतागायत कळलेलं नाही.

झाकण सैल? जंतू जातील ना! मी ते करकचून आवळलं, बाटली कोटात घातली आणि पळत सुटले. ऊन, धावपळ, खळबळ. ओढ्याच्या मध्यावर बाटली पोटाशी फुगायला लागली. समोर बघते तर डोंगराच्या धारेवरून घोडा खाली येतोय, वर सासूबाई! मी झाकणाला हात लावला मात्र, फट्टकन आवाज झाला आणि हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत कुमिसची अंघोळ! बाटलीत चार बोटं उरलं.

तंबूपाशी कुबातने धूर दिलेला बुधला टांगून तयार ठेवला होता. चार बोटं आत, वर बादलीभर ताजं दूध, आणि मी रवी हातात धरते तोच सासूबाई आत.

"अगं, एकटीच घुसळतेयस?" त्यांनी मला ओढून मिठीत घेतलं. माझ्या कोटातून कुमिस ठिबकत होता, केसांतून ठिबकत होता, आमचा कुत्रा माझा घागरा चाटत होता, सासऱ्यांनी दारातूनच नाक वर करून हुंगलं. सासूबाईंनी माझ्या मानेत तोंड घालून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "घाम गाळलास हो माझ्या बुधल्यासाठी!"

त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. माझी भीती तिथल्या तिथे गेली आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं.

रात्री मी कुबातला धरलं. "तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? आईला सांगू, की तुझं एवढंच होतं, तेही गेलं? तुला एवढं वाटतंय तर तू सांग. घाल यादीत, आठवा अनुभव!"

पुढचे तीन दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. दर दोन तासांनी घोड्या पिळायच्या, दूध ओतायचं, घुसळायचं. सासूबाई धुरासाठी बुधला उतरवायला उठल्या की मी आडवी यायचे. "बसा हो, मी देते!" आणि बाहेर नेऊन नुसतीच चुलीला प्रदक्षिणा घालून आणायचे. त्या माझ्याकडे, मग बुधल्याकडे बघायच्या. बघायच्या आणि परत बसायच्या.

मेजवानीचा दिवस उजाडला. माणसं आली, बोरसोकचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, ढीग पडला, मेंढी शिजली. म्हातारे ओळीने मांडी घालून बसले. चेहरे ओळखीचे होते. आमच्या दवाखान्यात नाव पुकारण्याआधी असेच असतात. उल्बोसुन आपा येऊन सासूबाईंच्या बरोबर समोर बसल्या आणि डोळे रोखले.

सासूबाईंनी पळीने पहिला वाडगा भरला, तो मी सर्वांत वडीलधाऱ्या आजोबांना दिला. त्यांनी डोळे मिटले, श्वास रोखला आणि एका दमात गिळायच्या तयारीने वाडगा वर केला. एक घोट. डावा डोळा उघडला. वाडगा खाली आला, त्यांनी आत वाकून पाहिलं. दुसरा घोट, मग तिसरा, मग वाडगा चाटूनपुसून पुढे. "सूनबाई, अजून."

शेजारचे दचकले. त्यांनी चाखला. "मलाही!" "इकडेही!" गोंधळच उडाला! टेकडीमागे जायला कुणी तयार नाही. माझी छाती अभिमानाने फुगली आणि तेवढ्यात मी सासूबाईंकडे पाहिलं.

त्या हसत नव्हत्या. पळी हातात तशीच. एकेकाच्या वाडग्याकडे बघत होत्या, मोजल्यासारख्या.

"काय घातलंय यात?" त्यांनी विचारलं.

 आजोबांनी आकाश बघायला घेतलं. कुबातला एकदम घोड्याचा लगाम तपासायची निकड भासली. उल्बोसुन आपा, ज्या इतका वेळ रोखून बघत होत्या, त्यांनी मान खाली घातली.

मला सहन होईना. "सासूबाई, चूक माझी! मी बुधला साबणाने धुतला. विरजण ओतून दिलं, दुसरं मागून आणलं. घालून पाडून बोला, हाकलून द्या, पण..."

"ते मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी कळलं मला ते. माझा बुधला लग्नातल्या नवऱ्यासारखा चकचकत होता, डोळे शाबूत आहेत माझे! म्हटलं, बघू ही किती दिवस दडवते." त्यांनी पळी खाली ठेवली.  "मी निराळं विचारतेय. दोन वर्षांत माझ्या दारात कुणी दुसरा वाडगा मागितला नाही. आज सगळे मागताहेत. मग दोन वर्षं मी तुम्हाला पाजत काय होते?"

 आयिमने फोन खाली ठेवला, यावरून काय ते समजा.

तेव्हा कोपऱ्यातून सासऱ्यांनी वाडगा खाली ठेवला. हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले आठ घोड्यांशी. त्यांनी मिशा पुसल्या, बायकोकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाले,

"खोगीर, म्हातारे. भिजवलेलं खोगीर. रोज तीन वाडगे प्यायलो."