एका बोटावर तंबू

माळ्यावरचा जुना तंबू खाली ओढताना ग्रंथपालांच्या कमरेतून जो आवाज आला, तो थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला.

"काय पडलं हो?" तिथूनच प्रश्न आला.

"काही नाही. मीच."

"मग उठा," असे उत्तर आले आणि पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला.

ग्रंथपाल निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण गल्लीत त्यांना अजून ग्रंथपालच म्हणत. त्यांच्या पत्नी शाळेत खेळ शिकवायच्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुलांनी त्यांचे नाव शिट्टीबाई ठेवले होते. ग्रंथपालांना हे नाव इतके आवडे की मनातल्या मनात तेही तिला शिट्टीबाईच म्हणत. मोठ्याने म्हणण्याचे धाडस मात्र संसार संपत आला तरी झाले नव्हते. शिट्टीबाईंचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. ग्रंथपालांची सगळी नोकरी 'शांतता राखा' या पाटीखाली गेली होती, आणि ती पाटी सर्वांत जास्त त्यांनीच पाळली होती.

माळ्यावरचा तंबू जाड कॅनव्हासचा होता. लग्नात मेव्हण्याने दिलेला. परीक्षा संपून शाळेला सुट्टी लागली की ग्रंथपाल तो सायकलच्या कॅरिअरवर बांधायचे. पुढे शिट्टीबाई, त्यांच्या सायकलच्या हँडलला स्टोव्ह आणि किटली. मागे ग्रंथपाल, तंबूच्या वजनाने पुढचे चाक उचलले जाऊ नये म्हणून हँडलवर वाकलेले. गावाबाहेरच्या तळ्याकाठी तंबू लागायचा. ओल्या कॅनव्हासचा तो वास, रॉकेलचा वास, बाहेर पाण्यात बेडकांची भांडणे आणि तंबूतून बाहेर राहिलेले ग्रंथपालांचे पाय. एवढे सुख आपल्या वाट्याला कसे आले, असा प्रश्न त्यांना तेव्हाही पडायचा.

पहिल्याच वर्षी पहाटे पाणी आणायला गेलेले ग्रंथपाल धुक्यात वाट चुकले होते. तळ्याकाठून शिट्टी वाजली. उत्तर द्यायला हवे होते, पण ओरडणे त्यांना जमेना. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक मोठी, दोन लहान. धुक्यातून बायको हसत हसत आली आणि म्हणाली, "तोंड आहे ना हो तुम्हाला?" पुढे तीच त्यांची खूण ठरली. शिट्टी वाजली की टाळ्या.

हे सगळे कधी थांबले, ते नक्की सांगता येत नाही. कंबर धरायला लागली, तंबू उचलवेना. शिट्टीबाई विचारायच्या, "यंदा जायचं ना?" आणि आपल्याला आता तंबू झेपत नाही हे सांगायची लाज वाटून ग्रंथपाल म्हणायचे, "बघू." मग पुढच्या वर्षी पुन्हा "बघू." यंदा सुट्ट्या आल्या आणि शिट्टीबाईंनी विचारलेच नाही. ते न विचारणे ग्रंथपालांना कमरेपेक्षा जास्त दुखले.

म्हणून त्यांनी ठरवले. हलका तंबू घ्यायचा, गुपचूप आणायचा आणि तिच्यासमोर ठेवायचा.

"ग्रंथालयात जाऊन येतो. पुस्तक द्यायचंय परत," आठ दिवसांनी ते म्हणाले.

"जा. मीही गुडघा दाखवायला जाणार आहे. किल्ली न्या," शिट्टीबाई म्हणाल्या.

खेळाच्या सामानाचे दुकान बाजाराच्या टोकाला होते. बॅटी, चेंडू, बुटांची रास, आणि मागच्या कोपऱ्यात काही तंबू उभे करून ठेवलेले. ग्रंथपालांनी आठवडाभर तंबूंविषयी मिळेल ते वाचले होते. इतके वाचले होते की आता काहीच ठरवता येत नव्हते. हलके तंबू महाग, स्वस्त तंबू जड, आणि हलके असून स्वस्त असलेले पहिल्या वाऱ्यात फाटतात, एवढे त्यांना कळले होते.

"काका, तुम्हाला हलका हवाय की स्वस्त?" दुकानदारीण बाईने विचारले. पन्नाशीची, चष्मा डोक्यावर, बोलणे झपाट्याचे.

"दोन्ही."

"आणि मजबूत?"

"तोही. म्हणजे, जमलं तर."

"अहो, एवढे सगळे गुण मला नवऱ्यात नाही मिळाले, तंबूत कुठून देऊ?"

ग्रंथपाल लाजले. दुकानदारिणीने त्यांना एक हिरवा तंबू दाखवला. दोघांचा. मागच्या वर्षीचा रंग, एकच नग राहिलेला, म्हणून किंमत उतरवलेली. "पिसासारखा आहे. एका बोटावर उचलते मी."

"तुम्ही झोपला आहात यात कधी?"

"मी? मला घरच्या पलंगावर झोप लागत नाही!"

ग्रंथपालांनी आणखी प्रश्न विचारले. शिवणीतून पाणी येते का, काठ्या कशाच्या, वारा कुठून येतो. दुकानदारीण कंटाळून तंबूची पिशवी शोधायला मागच्या खोलीत गेली. आता एकच शंका उरली होती. पाय मावतील का? पण 'मी जरा झोपून बघू का' असे परक्या बाईला विचारणे ग्रंथपालांना या जन्मात शक्य नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, चपला काढून तंबूच्या दाराशी नीट जोडीने ठेवल्या आणि रांगत आत गेले. आत कितपत अंधार होतो ते बघावे म्हणून दाराची चेनही ओढून घेतली.

पाय मावत होते. कापडातून गाळून आलेला हिरवा उजेड तोंडावर पडला होता. आपण सवयीने डाव्या कडेला सरकून झोपलो आहोत आणि उजवी बाजू रिकामी ठेवली आहे, हे त्यांच्या जरा वेळाने लक्षात आले. त्यांना तळे आठवले. त्या आठवणीतून जाग आली ती एका आवाजाने.

"तंबू आहेत का हो?"

मैदान ओलांडणारा आवाज. दुसऱ्या कोणाचा असणे शक्यच नव्हते.

ग्रंथपाल ताडकन उठून बसले. चेन ओढली. चेनीत कापड अडकले. जोरात ओढली, तर हलत होती तेवढीही हलेना.

"आज सगळ्यांनाच तंबू हवाय!" दुकानदारीण परत आली होती. "आत्ताच एक काका होते. तासभर डोकं खाल्लं आणि न सांगता पळाले बघा."

"असतात असे," शिट्टीबाई म्हणाल्या. मग बाहेर क्षणभर काहीच ऐकू आले नाही.

"किती जणांसाठी हवाय?"

"एकटीसाठी," शिट्टीबाई म्हणाल्या.

आत ग्रंथपालांचा हात चेनीवरच थांबला.

"मिस्टर नाही येत?"

"त्यांना विचारलं की 'बघू' म्हणतात. वर्षानुवर्षं बघतायत. अजून त्यांना काही दिसलेलं नाही."

"पुरुषांचं असंच असतं. पण एकटीला करमेल का?"

"झोप तर लागेल! घोरतात हो ते. तळ्यावरची बदकं उडून जायची."

एकदाच उडाली होती, आणि तीही कुत्र्याला घाबरून, असे ग्रंथपालांच्या अगदी ओठांवर आले होते.

"मग हा घ्या," दुकानदारीण तंबूवर थाप मारून म्हणाली. थाप नेमकी ग्रंथपालांच्या टकलावर बसली. "दोघांचा आहे, पण स्वस्तात देते. ऐसपैस झोपा एकट्या."

"नको. दोघांचा असला की एक बाजू रिकामी राहते. झोपेत हात गेला की गार लागतं."

ग्रंथपालांनी उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि तिच्यावर हळूच तळहात ठेवला.

"बरं, हलका तरी आहे का?" शिट्टीबाईंनी विचारले.

"पिसासारखा! एका बोटावर येतो."

"उचलून दाखवा बरं."

दुकानदारिणीने काठीखाली एक बोट घातले. मग दोन घातली. मग अख्खा हात. तंबू जागचा हलला नाही.

"हवा भरली असेल आत," ती म्हणाली.

"हवा भरल्यावर जड होतं का? मी तर मुलांना उलट शिकवलं."

"कागद! आकार राहावा म्हणून कागद भरतात कधीकधी. अहो, जरा या इकडे!" तिने रॅकेट विणणाऱ्या कारागिराला हाक मारली. दणकट पावले जवळ आली.

ग्रंथपालांच्या लक्षात आले की आपल्यामुळे एका चांगल्या तंबूची अब्रू जाते आहे. हा तंबू नापास झाला तर ती एकटीचाच घेईल. काहीतरी करायला हवे होते. बाहेर दोघांनी "एक, दोन, तीन" म्हणून जोर लावला, त्याच क्षणी आत ग्रंथपालांनी गुडघ्यांवर उभे राहून, कमरेचा विचार न करता, उडी मारली.

तंबू उचलला गेला खरा, पण वर न जाता बाजूला गेला आणि चेंडूंच्या जाळीवर आदळला. जाळी सुटली. बास्केटबॉल, फुटबॉल, टेनिसचे चेंडू दुकानभर उड्या मारत पसरले. एक दारातून रस्त्यावर गेला, आणि कारागीर त्याच्यामागे गेला.

"हा उडी मारतो," शिट्टीबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या वयाला उड्या मारणारा तंबू बरा नाही. एकटीचाच बांधा तो."

"बांधते," दुकानदारीण हताशपणे म्हणाली.

ग्रंथपालांनी हाक मारायला तोंड उघडले. तोंडातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. कागद फडफडवल्याचा आवाज सुटला. बाहेर पिशवीची दोरी आवळल्याचे ऐकू आले. तेव्हा त्यांचे हात आपोआप वर आले.

एक मोठी टाळी. दोन लहान.

शेवटचा चेंडू घरंगळत जाऊन थांबला.

"आत माणूस आहे!" दुकानदारीण किंचाळली.

कोणीतरी तंबूजवळ येऊन, गुडघा धरत, हळूच खाली बसले.

"अहो."

"हं."

"काय चाललंय?"

"झोपून बघत होतो. पाय मावतात."

"आणि मी?"

"उजवी बाजू ठेवली आहे ना."

बाहेरून कापडावर टिचकी बसली. मग, "मोठ्याने बोला. मला हल्ली कमी ऐकू येतं."

"मला यायचंय!" ग्रंथपाल ओरडले. आपण ओरडतो आहोत हे कळेपर्यंत थांबता आले नाही. "तळ्यावर यायचंय! तो जुना उचलवत नव्हता म्हणून बघू म्हणायचो!"

"हे आधी नाही का सांगायचं? एवढी वर्षं मला वाटलं, कंटाळलात," शिट्टीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज, कधी नव्हे तो, मैदान काय, दुकानही ओलांडू शकला नसता. मग घसा खाकरून त्या म्हणाल्या, "चेन आधी मागे घ्या, मग पुढे. ओढाओढ नको."

ग्रंथपाल उरलेसुरले केस विसकटलेल्या अवस्थेत रांगत बाहेर आले. दुकानदारिणीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

"बाई, हे काका तुमचे?"

"आमचेच. आता उचला बरं."

तिने घाबरत घाबरत बोट घातले. तंबू अलगद वर आला आणि बोटावर डुलत राहिला. "बघा! म्हटलं नव्हतं?" असे म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आले होते.

एकटीचा तंबू फळीवर परत गेला. हिरव्याचे पैसे देऊन झाल्यावर तो पिशवीत भरायचा कार्यक्रम झाला, त्याविषयी फारसे न लिहिलेले बरे. ग्रंथपालांना घडीची पद्धत तोंडपाठ होती, कारागिराकडे ताकद होती आणि दुकानदारिणीकडे सूचना होत्या. शेवटी पिशवी फाटली. तेव्हा शिट्टीबाई म्हणाल्या, "हलका आहे ना? मग उभाच नेऊ घरी."

अशा रीतीने भर बाजारातून तो तंबू निघाला. पुढची कड शिट्टीबाईंनी धरलेली, मागची ग्रंथपालांनी. लोक थांबून बघत होते. ग्रंथपालांना तंबूच्या आडोशामुळे ते दिसत नव्हते, म्हणून ते मजेत होते. एकदा पावसात जुना तंबू भिजला होता आणि घडी होईना, तेव्हाही दोघे असेच घरी आले होते. तेव्हा त्याच्या वजनाने बोटे सुजली होती.

"तू गुडघा दाखवायला जाणार होतीस ना?" त्यांनी तंबूपलीकडे विचारले.

"तुम्ही पुस्तक परत करायला."

ग्रंथपालांनी आपल्याकडची कड जरा वर धरली.

"खरंच एकटी जाणार होतीस?"

"दोघांचाच घ्यायला आले होते. दाराशी चपला दिसल्या. निळ्या दोऱ्याने शिवलेल्या, आणि तंबूबाहेरसुद्धा जोडीने लावलेल्या. आणखी कोणाच्या असणार?"

ग्रंथपाल जागच्या जागी थांबले. तंबू थांबला. पुढे शिट्टीबाईंनाही थांबावे लागले.

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं? ते बदकांचं, उचलायला लावणं, सगळं?"

"तुम्ही इतकी वर्षं बघताय. म्हटलं, आज मीही जरा बघते."

ग्रंथपाल पुन्हा चालू लागले. चौकात गर्दी होती. एक हातगाडी आडवी आली, कोणीतरी हॉर्न वाजवला, आणि गोंधळातून पलीकडे गेल्यावर त्यांच्या मनात भलतीच शंका आली. समोर नुसते हिरवे कापड होते. तंबू इतका हलका होता की पलीकडची कड कोणी धरली आहे की नाही, हे वजनावरून कळतच नव्हते. ही मागे राहिली की काय? आपण एकटेच तर चाललो नाही ना?

तेवढ्यात पलीकडून शिट्टी वाजली. खरी, पितळी, शाळेतली. तंबू घ्यायला निघताना बाईंनी ती पर्समध्ये टाकलेली असणार.

ग्रंथपालांचे दोन्ही हात तंबूत गुंतलेले होते. टाळी वाजवणे शक्य नव्हते.

"आहे गं, शिट्टीबाई!" ते भर चौकात ओरडले. "इथेच आहे!"