कोथिंबीर आणायला गेलेले विनूकाका

"…कारण सुपारीच्या मुळांना ते सोसत नाही."

एका शुक्रवारी सकाळी मी फाटक उघडून शेजारच्या वाडीत पाऊल टाकलं, तर विनूकाकांनी मला हे ऐकवलं. नमस्कार नाही, या-बसा नाही. या वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांनी मंगळवारी म्हटला होता. तेव्हा मध्येच त्यांचा फोन वाजला, ते उठून विहिरीकडे गेले आणि मी कंटाळून घरी आलो. आता तीन दिवसांनी ते त्याच खुर्चीत, त्याच बाजूला कलून बसले होते. शर्टाचं वरचं बटण मंगळवारी उघडं होतं, म्हणून आजही उघडं. मी समोरच्या बाकड्यावर टेकणार, इतक्यात त्यांनी हात वर केला.

"तिथे नाही. तुम्ही त्या दिवशी पायरीवर होतात. कंटिन्युइटी! मागचं-पुढचं जुळलं पाहिजे."

तुटलेलं वाक्य हा गृहस्थ सोडत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात ते तिच्या डोक्यावर हात ठेवून "अखंड सौभाग्यवती" एवढंच म्हणाले आणि बँड सुरू झाला. पोरगी आठ महिन्यांनी दिवाळीला माहेरी आली, तेव्हा यांनी कुंपणावरून हात लांब करून "भव" म्हटलं आणि निघून गेले. तिला वाटलं काकांना भ्रम झाला. मला माहीत होतं की आठ महिने ते 'भव' त्यांच्या घशात अडकलं होतं.

खरं नाव प्रभाकर चौलकर. नागावला आमच्या शेजारी त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे, वय सत्तरीच्या अलीकडे, माणूस एकटा. पण नागावात काय आणि अलिबागच्या बाजारात काय, चौलकर म्हणून विचाराल तर कोणी घर दाखवणार नाही. चार वर्षं ते टीव्हीवरच्या एका कौटुंबिक मालिकेत नायकाचे विनूकाका होते. त्या काळात यांना बाजारात भाजीचे पैसे कोणी मागत नसे. मग एके दिवशी एका एपिसोडमध्ये काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, येताना कोथिंबीर आणा." विनूकाका पिशवी घेऊन "आलोच" म्हणाले आणि दाराबाहेर पडले.

ते परत आलेच नाहीत. मारलं नाही, अपघात झाला नाही, घर सोडून गेल्याची चिठ्ठी नाही. कथा दुसरीकडे वळली आणि यांना बोलावणं यायचं बंद झालं. यांनी फोन केला की तिकडून एकच शब्द यायचा, "कळवतो." असं वर्षभर. मी जन्मभर कोर्टात कारकुनी केली, तारखांवर तारखा पडताना पाहिल्या, पण तारखेला निदान आकडा असतो हो. 'कळवतो'ला काय असतं?

तेव्हापासून अकरा वर्षं हा माणूस तयारीत आहे. कपाटात डांबराच्या गोळ्या घालून निळ्या चौकड्यांचा शर्ट आणि ती कापडी पिशवी ठेवलेली आहे. मिशी डाव्या बाजूला किंचित आखूड असायची, कारण त्या शेवटच्या दिवशी मेकअपवाल्याचा हात चुकला होता. बोलावणं आलं तर विनूकाका बाजारातूनच परत येणार, आणि बाजारात जाऊन मिशी सारखी होत नाही. म्हणून दर रविवारी आरशासमोर उभं राहून हे डावी बाजू मुद्दाम बिघडवायचे. "बंद नाही झालंय," ते म्हणतात, "थांबलंय." हे त्यांचं ब्रीदवाक्य. विहिरीचा पंप थांबलाय, घराची रंगरंगोटी थांबलीय. लग्नाचं विचारलं, तर म्हणाले तेही थांबलंय.

लोकांना मात्र दयामाया नाही. हिराबाई मासळी घेऊन आली की फाटकातूनच ओरडायची, "काय ओ काका, गावली का न्हाय कोथमीर?" इतर कोणी विचारलं तर हे भडकायचे. हिराबाईला काही बोलत नसत, कारण ती त्यांची परीक्षक आहे. ते कसं, तेही सांगतो.

वर्षभर फोन करून थकल्यावर हे स्वतः त्या मालिकेच्या कचेरीत जाऊन बसले. त्या दिवशी संवाद लिहिणारा आजारी होता आणि दुपारच्या चित्रीकरणाची पानं तयार नव्हती. यांना घरातल्या प्रत्येकाची बोलण्याची ढब पाठ. यांनी तिथेच बसून तासाभरात दोन सीन लिहून दिले. नट गेला तो गेलाच, लेखक तेवढा कामाला लागला. लिहायचं खरं कारण वेगळं होतं. लिहिणारा आपणच, तर आपल्याला परत आणायला वेळ किती? महिना-दीड महिन्याने ते कुठेतरी मध्येच लिहायचे, 'बेल वाजते. दारात विनूकाका. हातात कोथिंबीर.' प्रत्येक वेळी वरून ती ओळ खोडून यायची. पुढे मालिका संपली. काकांनी तिचा एकही एपिसोड बाहेर पडल्या दिवसापासून पाहिला नव्हता. आजही त्यांच्या घरात टीव्ही नाही. लिहितात, बघत नाहीत.

लिहितात म्हणजे वाडीतून येरझारा घालत सगळ्यांचे संवाद मोठ्याने म्हणतात, फोनमध्ये ते उतरत जातात आणि दुपारपर्यंत मुंबईला पोचतात. गेल्या मे महिन्यात पलीकडच्या होमस्टेत पुण्याचं कुटुंब उतरलं होतं. सकाळी नऊ वाजता यांची किंकाळी, "सूनबाई, माझ्या दुधात काय कालवलंस?" ते बिचारे चहाचे कप टाकून कुंपण ओलांडून आले. पाहतात तो काका एकटेच, सुपारीच्या झाडाला मिठी मारून हुंदके देतायत. हे सगळं हिराबाई पायरीवर बसून ऐकते. तिला पटलं तर मान हलवते. नाही पटलं तर "असं कोन बोलतं का?" म्हणून टोपली उचलते, आणि काका तो सीन फोनमधून पुसतात.

त्यांच्या लेखनात एक नियम होता. कोणतंही पात्र निरोप घेतल्याशिवाय जाणार नाही. दूधवाला गावी गेला तरी त्याला दीड पान. निर्माते वैतागायचे, पण काका ऐकत नसत. "माणूस जाणार तर त्याला जाताना कळलं पाहिजे की आपण जातोय," असं म्हणायचे. आणि 'कळवतो' हा शब्द त्यांनी आयुष्यातून काढून टाकला होता. नारळ पाडणाऱ्या गड्यालासुद्धा हो तरी म्हणायचे, नाहीतर नाही.

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. ते सध्या लिहितात त्या मालिकेतल्या आजीचं काम सुमनताई करत होत्या. जुन्या मालिकेत 'कोथिंबीर आणा' म्हणणाऱ्या काकू त्याच. या कामासाठी त्यांचं नाव काकांनीच सुचवलं होतं. एरवी सगळा कारभार फोनवर, अकरा वर्षांत समोरासमोर भेट नव्हती. सुमनताईंचं वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं. वाक्यं विसरायला लागल्या होत्या, एकेका सीनला तास जायचा. एका सोमवारी चॅनलमधल्या एका तरुण बाईंचा काकांना फोन आला. आजी उद्यापासून नाहीत. सून एक वाक्य म्हणेल, 'आई नागपूरला गेल्यात.' बस्स.

काका विहिरीपाशी उभे होते, मी पायरीवर होतो. पाऊण तास त्यांचा आवाज चढत होता. मग त्यांनी आजीच्या निरोपाचा तीन पानांचा सीन लिहून पाठवला. उत्तर आलं, छान आहे, पण नको. "निदान त्यांना सांगा तरी!" काका ओरडले. तिकडून काय आलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. कळवतो.

आणि मग त्यांनी ते एक वाक्य लिहून दिलं. मला वाटलं होतं, नाही म्हणतील, काम सोडतील. नाही सोडलं. या वयात दुसरं काम कोण देणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण मला नुसतं वाईट वाटलं.

सुमनताईंना कोणीच काही कळवलं नाही. त्या रोज सकाळी काकांना मेसेज करत, 'पानं कधी येणार? पाठ करायला मला हल्ली वेळ लागतो.' चार दिवस काकांनी उत्तर दिलं नाही. पाचव्या दिवशी हिराबाईने पायरीवर बसून सगळं ऐकलं. ती म्हणाली, "म्हातारीला काढली न् तिलाच ठाव न्हाय? काका, तुमीच जा न् सांगा. तुमाला न्हाय का सांगितला, तवा कसा वाटला?"

दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले. "चला माझ्याबरोबर. तुम्ही कोर्टातले, निकाल ऐकवायची सवय आहे तुम्हाला." खिशात ती तीन पानं होती. बेत असा, की हा सीन सुमनताईंकडून त्यांच्याच घरी करून घ्यायचा, आणि मग सांगायचं की हा शेवटचा होता. तोंडावर, नीट, निरोप घेऊन. हातात पिशवी आणि पिशवीत पांढऱ्या कांद्याची माळ. मांडव्याहून रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरेपर्यंत ते ओठातल्या ओठात एकच वाक्य घोटत होते, 'सुमनताई, तुम्हाला मालिकेतून काढलंय.' इतकं साधं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नसेल.

माझगावात तिसऱ्या मजल्यावर सुमनताई एकट्या राहतात. बेल मी वाजवली. त्यांनी दार उघडलं, काकांकडे पाहिलं, मिशीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता म्हणाल्या,

"गेलात ते गेलातच? कोथिंबीर कुठाय?"

काकांनी पिशवीत पाहिलं. मग कसेबसे म्हणाले, "कांदे आणलेत."

"कोथिंबीर सांगितली होती, कांदे घेऊन आलात. तेही अकरा वर्षांनी." आणि खळखळून हसल्या. "या चौलकर, आत या."

बाजारात याच प्रश्नावर अंगावर धावून जाणारा हा माणूस तिथे उंबऱ्यात हसत उभा होता. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

चहा झाला. काकांचा हात दोनदा खिशाकडे गेला. मी डोळ्यांनी खुणावलं, सांगा. इतक्यात सुमनताईच म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही गेल्यावर ती मालिका बघायचात का हो?"

"नाही."

"मला वाटलंच. मी दिग्दर्शकाला म्हटलं होतं, अहो, माझा नवरा घराबाहेर गेलाय, परत आला नाही, मी एका शब्दाने विचारणार नाही का? तर म्हणे गरज नाही. मग मी काय करायची, माझा सीन असला की मध्येच एकदा दाराकडे बघायची. भाजी चिरताना, पोळ्या लाटताना. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. मालिका संपेपर्यंत बघत होते. दोन वर्षं. तुम्हाला तरी दिसलं असेल असं वाटायचं मला."

कपातला चहा कधीच संपला होता, तरी काकांनी कप तोंडाला लावला.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "आता वाक्यं राहत नाहीत हो डोक्यात. पण तुम्ही लिहिता म्हणून निभतंय. दिवसभर दुसरं आहे काय मला? बरं, शूटिंगचा पुढचा कॉल कधीचा? पाच दिवस झाले, कोणी काही बोलत नाही."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. तीन पानं खिशात तशीच होती.

"कळवतो," ते म्हणाले.

परतीच्या बोटीत ते कठड्याला धरून उभे होते आणि मी त्यांच्या डाव्या हाताला. मांडवा दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "मी सांगणारच होतो हो, पण ती त्या दाराकडे…" आणि बोटीचा भोंगा वाजला.

तीन महिने झाले. आमची ही बघते त्या काकांच्या मालिकेत आजी अजून नागपूरला आहेत. सुमनताईंचा फोन रोज सकाळी येतो, तो वाजला की काका उठून विहिरीकडे जातात. परत आले की सुपारीवर बोलतात, पंपावर बोलतात. हिराबाईने कोथिंबिरीचं विचारणं सोडलंय. रविवारी आरशासमोर उभं राहणंही थांबलंय, आणि मिशी दोन्हीकडून सारखी वाढलीय. बोटीत तुटलेलं ते एक वाक्य मात्र त्यांनी पुरं केलेलं नाही. मी रोज बोटीतलाच शर्ट घालून जातो, पायरी सोडून त्यांच्या डाव्या हाताला बसतो आणि वाट बघतो.