मागच्या सीटवरचं बोलणं

कामशेतच्या पेट्रोलपंपावरून श्रीपती निघाला तेव्हा त्याच्या मागच्या सीटवर त्याची बायको नव्हती, आणि हे त्याला तिकोणा पेठेत पोचेपर्यंत कळलं नाही. तसं पाहिलं तर यात फार मोठी चूक कोणाचीच नव्हती. पेट्रोल भरायचं म्हणून शालन खाली उतरली. मग पिशवी सावरत म्हणाली, "थांबा, पदर खोचते." श्रीपतीला ते ऐकू आलं नाही. पिशवीचा धक्का मात्र पाठीला लागला. तो त्याला बायको बसल्याचा धक्का वाटला आणि त्याने गियर टाकला.

पुढचा पाऊण तास तो अगदी नेहमीसारखा गेला. शालनला मागे बसून बोलायची सवय आणि श्रीपतीला अधूनमधून "हं" म्हणायची. त्याप्रमाणे तो बेडसे फाट्याला "हं" म्हणाला, घाटाच्या वळणावर दोनदा "हं" म्हणाला, पवनानगरच्या बाजारात तर "व्हय, बगू" असंही म्हणाला. खिशातला फोन अकरा वेळा वाजला. तोही त्याला ऐकू आला नाही.

तिकोणा पेठेत शालनची थोरली बहीण आक्काबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने गाडीकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"पाव्हणं, शालन कुटं हाय?"

"ही काय," श्रीपती म्हणाला, आणि मान न वळवताच मागे बोलला, "उतर की."

कोणी उतरलं नाही.

शालन तासाभराने वडापच्या जीपमधून आली. ती रागावली नाही, हेच वाईट होतं. तिने हातपाय धुतले, बहिणीला तांदूळ निवडू लागली, सगळ्यांबरोबर जेवली आणि मग ताट उचलता उचलता म्हणाली, "कानाचं बगितल्याबिगर मी त्या गाडीवर बसनार न्हाई." संध्याकाळी ती कान्ह्याला, घरी, परतली तीही जीपनेच. श्रीपती जीपच्या मागे मागे रिकामी सीट घेऊन आला.

श्रीपतीचे कान काही म्हातारपणाने गेले नव्हते. तळेगावच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर तीस वर्षं काम केल्यावर कानात त्या धडधडीशिवाय दुसरं काय उरणार? पाळ्यांच्या त्या नोकरीत नवराबायकोची निवांत गाठ पडायची ती रविवारी, कान्हे ते तिकोणा पेठ, मोटरसायकलवर. शालन मागे बसून आठवड्याचं बोलून घ्यायची. त्यातला शब्दही श्रीपतीला कळायचा नाही. पण तिचा उजवा हात त्याच्या खांद्यावर असायचा, आणि बोलण्याच्या चढउताराबरोबर तो हात हलायचा, चिमटायचा, थोपटायचा. तेवढ्यावर त्याचा रविवार छान जायचा. पंपावरून निघाला त्या दिवशी खांद्यावर हात नव्हता, तर तिने पिशवी दोन्ही हातांनी धरली असेल असं त्याला वाटलं होतं. आता दोन रविवार तो एकटा जाऊन आला आणि त्याला तो रस्ता फार लांब वाटला.

तिसऱ्या आठवड्यात त्याने मुलीला, रेणुकाला, फोन केला. "कानाचं मशीन घ्यायचंय. पर गाडीवर चालनारं पायजे."

लोणावळ्याच्या दवाखान्यात तो हेल्मेट घेऊनच आत शिरला.

"बाबा, ते बाहेर ठेवा ना," रेणुका कुजबुजली आणि मग तेच जरा ओरडून म्हणाली.

"का? कान त्यातच असत्यात."

कान तपासणाऱ्या राजेश्वरी मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी आधी कानामागे बसवायचं मशीन लावून दिलं. ते चांगलं होतं. श्रीपतीला पंख्याचा आवाज आला, बाहेरच्या पेशंटचा खोकला आला. तो खूश झाला, हेल्मेट घातलं आणि काढलं. हेल्मेटबरोबर मशीन निघालं, उडालं आणि मॅडमच्या चहात पडायचं थोडक्यात राहिलं.

"हे न्हाई जमायचं," श्रीपती म्हणाला. "कामशेतला काडलं तर पवनेत जाऊन पडंल."

मग मॅडमनी कानाच्या आत बसणारं, हरभऱ्याएवढं मशीन दाखवलं. त्यासाठी कानाचं माप घ्यावं लागणार होतं. श्रीपतीच्या दोन्ही कानांत मऊ लगदा भरून त्याला पाच मिनिटं गप्प बसवलं. त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी मशिनं आली. मॅडमनी ती बसवली आणि त्याचा डावा कान हाताने झाकून धरला. रेणुकाने लगेच तोंड वाकडं केलं.

"हेल्मेट घट्ट बसलं की कधी कधी अशी शिट्टी वाजेल," मॅडम म्हणाल्या.

"कुटं वाजतंय?"

"तुम्हाला नाही येणार ऐकू. नेमका हाच बारीक आवाज तुमचा गेलाय. बाजूच्याला येतो. त्रास झाला तर घेऊन या, घासून नीट बसवून देऊ."

"बाजूच्याचं बाजूचा बगंल," श्रीपती म्हणाला, आणि त्याच्यापुरता तो विषय संपला.

परतीच्या वाटेवर त्याला पहिल्यांदा आपली मोटरसायकल ऐकू आली. कार्ल्याच्या फाट्यापर्यंत तो तीनदा थांबला, खाली वाकून पाहिलं, चाकाला हात लावला आणि शेवटी कामशेतला कैलास मेकॅनिककडे गाडी जवळजवळ ढकलतच नेली.

"कैलास, इंजिन गेलं."

कैलासने किक मारली, ऐकलं आणि गाडी बंद केली. "भाऊ, हे चेनकव्हर वाजतंय. सात वर्सं झाली. दर सर्व्हिसिंगला सांगतो मी तुमाला."

"मंग मी काय म्हनतो?"

"तुमी हं म्हनता."

घरी शालनने स्वतः परीक्षा घेतली. चुलीकडे तोंड करून, पाठमोरी, अगदी हळू म्हणाली, "च्या घेनार का?" श्रीपती ओट्यावरून म्हणाला, "घेतो की." तिने मागे वळून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि चहात एक चमचा साखर जास्त टाकली. येत्या रविवारी ती गाडीवर बसणार हे ठरलं.

त्या रविवारी श्रीपती दाढी करून तयार झाला. तीस वर्षं खांद्यावर जो हात हलत होता, त्याचे शब्द आज ऐकू येणार होते. गाडी कान्ह्यातून निघाली. रेल्वे फाटकाची घंटा ऐकू आली, टिटवी ऐकू आली, मागून येणाऱ्या बसचा हॉर्न तर इतका आला की तो रस्त्याच्या कडेला गेला. शालन काही बोलली नाही. बेडसे फाटा आला आणि गेला, घाट संपला. खांद्यावरचा हात गप्प होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काय न्हाई."

पुढच्या रविवारीही तसंच. आता मात्र श्रीपती घाबरला. कान आले, बायको मागे बसली, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तेच गेलं. त्याने आक्काबाईला परसात गाठलं.

"आक्का, शालन बोलंना झालीय."

"ती तुमच्याशी कदी बोलायची?"

"गाडीवर लय बोलायची की."

"पाव्हणं, तुमच्या त्वांडावर तिनं कदी काय मागितलंय का? काय सांगितलंय का? जे काय बोलायचं ते तुमच्या पाठीशी बोलायची." आक्काबाईने मिरच्यांची देठं खुडता खुडता त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आता पाठीलाबी कान आलं."

श्रीपतीने सहा दिवस विचार केला. सातव्या दिवशी, शालन बाहेर यायच्या आधीच, तो हेल्मेट घालून गाडीवर बसला आणि ती आल्यावर मशिनांची डबी तिच्यापुढे धरली.

"ही ठेव पिशवीत. वाऱ्यानं लय गलका व्हतो. आज बिगर मशीनचं जातो."

डबी रिकामी होती. मशिनं हेल्मेटच्या आत, जिथे असायची तिथेच होती.

"मंग मला पंपावर ठिवून जाताल परत."

ती हळू बोलली होती, आणि तो उत्तर देणारच होता. वेळेवर त्याने जीभ आवरली. "काय म्हनलीस?" तो मोठ्याने म्हणाला. मग आपलं आपणच सुचल्यासारखं करून पुढे म्हणाला, "आन हे बघ. बसलीस की हेल्मेटवर दोनदा वाजव. त्याबिगर मी गियर टाकनार न्हाई."

शालन त्याच्या मागे जराशी उभी राहिली. मग बसली आणि दोनदा वाजवलं.

कामशेत मागे पडलं, घरं संपली, आणि मागून आवाज आला, "श्रीपती."

गाडी रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला जाऊन आली. छत्तीस वर्षांच्या संसारात शालनने त्याचं नाव घेतलं होतं ते लग्नातल्या उखाण्यात. नंतर रेशनकार्डाच्या हापिसातही तिने साहेबाला "कार्डावर हाय न्हवं, तुमीच वाचा" म्हणून सांगितलं होतं. आणि इथे ती त्याच्या पाठीमागे बसून, चांगल्या मोकळ्या आवाजात, त्याला एकेरीत बोलत होती.

"श्रीपती, खड्डा बघ. कान गेलं, डोळं तरी ठेव."

मग तिचं सुरू झालं. आक्काच्या कालवणात मीठ कमी, शेजारणीच्या सुनेला दिवस गेलेत, मोरीतला नळ चार महिने गळतोय आणि ह्याला दिसत नाही. खांद्यावरचा हात हलायला लागला. श्रीपती हेल्मेटच्या आत एकटाच हसत होता. घाट चढल्यावर ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "त्या दिशी पंपावर मी उबी व्हते. पेट्रोलवाला हसला, समदी हसली. मला हसू आलं न्हाई. मला वाटलं, मी मागं न्हाई हे ह्याला कळलंच न्हाई. उद्या मी न्हाईच ऱ्हायले, तर कवा कळंल?"

श्रीपतीने हेल्मेटची काच खाली ओढली. त्याला पुष्कळ बोलावंसं वाटलं, पण बोलला असता तर ती पुन्हा गप्प झाली असती. तेव्हा तो "हं" म्हणाला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने ऐकून "हं" म्हटलं होतं.

सोमवारी त्याने मोरीतला नळ बदलला. "बरं सुचलं," शालन म्हणाली. पुढच्या रविवारी, गुडघे दुखतात, दाराच्या पायऱ्यांना धरायला काही नाही, असं मागून ऐकू आलं. बुधवारपर्यंत पायऱ्यांना लोखंडी कठडा लागला. त्याच्या पुढच्या रविवारी ऐकू आलं, "जन्म गेला ह्या रस्त्यानं, पर कदी धरणाच्या कडंला बसून मक्याचं कणीस खाल्लं न्हाई." आठ दिवसांनी श्रीपतीने आपण होऊन पवनेच्या काठी गाडी थांबवली आणि दोन कणसं भाजून घेतली, एक तिखट लावून आणि एक बिनतिखट. शालनने तिखट उचललं.

"तुमाला कसं कळलं?"

"असंच," श्रीपती म्हणाला.

त्याला स्वतःचं भारी कौतुक वाटायला लागलं होतं. चेनकव्हर बसवून घ्यायला तो कैलासकडे गेला तेव्हा त्याने त्याला दोन शब्द सांगितलेही. "बाईमानसाचं मन वळखावं लागतं कैलास. समदं काय सांगावं लागत न्हाई." कैलासने पाना खाली ठेवून ते ऐकून घेतलं. पाचव्या रविवारी मागून "आक्काला आठ दिस आपल्याकडं आणायला पायजे" असं ऐकू आलं तेव्हा मात्र श्रीपती जरा थबकला. आक्काबाई घरात आली की टीव्ही तिचा, खाट तिची आणि सल्लेही तिचेच. तरी त्याने तिकोणा पेठेत पोचल्या पोचल्या हसून आमंत्रण दिलं. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आक्काबाई पदर तोंडाला लावून चुलीकडे गेली.

परत येताना तो कामशेतच्या पंपावर थांबला. शालन उतरली, पेट्रोल भरून झालं, ती बसली. हेल्मेटवर दोनदा वाजलं. श्रीपतीने किल्लीला हात घातला, तेवढ्यात मागून, अगदी हळू आवाज आला.

"श्रीपती, डाव्या कानातलं शिट्टी मारतंय. उद्या लोणावळ्याला दाखवून ये."

"हं," श्रीपती सवयीने म्हणाला. मग त्याचा हात किल्लीवरच राहिला. त्याने विचारलं, "कवापासनं?"

"रिकामी डबी दिलीत, तवापासनं." उघडउघड बोलायची वेळ आल्याबरोबर ती पुन्हा 'तुमी'वर आली. "रेणुकानं सांगितलंतं, हेल्मेटात वाजतं म्हनून."

"म्हंजी नळ, कठडा, कणीस..."

"आन आक्का," शालन म्हणाली.

मागे एक जीप येऊन उभी राहिली होती. पेट्रोलवाला म्हणाला, "भाऊ, गाडी म्होरं घ्या." श्रीपतीने गाडी दोन पावलं पायानेच पुढे सरकवली.

"आन ते पंपावरचं?"

शालनने पिशवी मांडीवर सारखी केली.

"ते तुमच्या त्वांडाकडं बगून सांगता आलं नसतं मला."

"आन नाव?"

"ते जुनंच हाय. तवा तुमाला ऐकू यायचं न्हाई."

श्रीपती समोर रस्त्याकडे बघत बसला. गाडी सुरू केली, पण गियर टाकला नाही. जीपवाल्याने हॉर्न दिला. तो श्रीपतीला स्वच्छ ऐकू आला.

"अवो, चला की," शालन म्हणाली.

"तू हेल्मेट वाजवलं न्हाईस."

"आत्ता वाजवलं न्हवं, दोनदा?"

"मला न्हाई ऐकू आलं," श्रीपती म्हणाला. मशीन लावल्यापासून त्या दोन टकटकींइतकं स्वच्छ त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी तो हे अगदी ठामपणे म्हणाला.

शालनने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जीपमध्ये सगळी अनोळखी माणसं होती. ती पुढे वाकली, त्याच्या डाव्या कानाशी, शिट्टीच्या अगदी जवळ, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "श्रीपती, चल आता."

मग श्रीपतीने गियर टाकला.