झाकण लागेना

मुलांनो, जरा कल्पना करा. आईच्या कॉम्प्युटरचं पोट उघडं आहे, पडदा काळाठिक्कर पडलाय आणि आई कुठल्याही क्षणी दारात उभी राहणार आहे. काय कराल? चिमणी नावाच्या मुलीवर हीच वेळ आली होती.

तिची आई घरांचे नकाशे काढायची. पडद्यावर घर फिरवून बघायचं म्हटलं की कॉम्प्युटर धापा टाकायचा. चित्रं भराभर उमटवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं, आणि ते कार्ड पार म्हातारं झालं होतं. "संध्याकाळी नकाशा पाठवेपर्यंत याला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही," असं बजावून आई दातांच्या डॉक्टरांकडे गेली. आणि तिला चकित करायला बाबा नि मामा स्क्रू काढायला बसले.

नव्या कार्डावरून आठवडाभर जुंपली होती.

"दाजी, कंपनीचं नाव बघून घ्या!"

"नाव काय चाटायचंय? खिसा बघ."

"वेग बघा ना, वेग!" चिमणी ओरडे.

शेवटी नावाचं, वेगाचं आणि सवलतीतलं, असं एक कार्ड सापडलं. तिघंही खूश.

कार्ड खटकन बसलं. मामानं पडद्याची वायर खोचली, बाबांनी बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडद्यावर नुसता अंधार.

"मामा, आईचा नकाशा गेला?" चिमणीनं विचारलं.

मामाला घाम फुटला. "ताई आता मला घरात घेणार नाही."

"तुला निदान स्वतःचं घर आहे!" बाबा म्हणाले.

चिमणी रडवेली होऊन कॉम्प्युटरमागे वाकली. "अरे मामा, वायर वरच्या भलत्याच भोकात आहे! नव्या कार्डाला कोण लावणार?"

तिनं वायर बदलली. पडदा उजळला. नकाशा जागच्या जागी!

बाबांनी खुशीत बाजूचं झाकण लावायला उचललं, पण ते लागेचना. कार्ड दोन बोटं बाहेर येत होतं. नाव पाहिलं, वेग पाहिला, किंमत पाहिली. ते मावेल का, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

"दाबा, दाजी!"

"मोडेल रे!"

दारात किल्ल्या वाजल्या.

चिमणीनं झाकण टेकवलं, त्याला पाठ लावून जमिनीवर बसली आणि मांडीवर गणिताचं पुस्तक उघडलं.

आई गाल धरून आत आली. न सांगता गणित करणाऱ्या लेकीकडे तिनं क्षणभर पाहिलं, मग नवऱ्याकडे वळली.

"काय मोडलंत?"

चिमणीनं शांतपणे पान उलटलं.