एका कुंडीतल्या दोन जाती

कचेरीत पंचवीस वर्षं मी कागद फायलींना लावायचं काम करतोय. त्यामुळे बायकोच्या चिनी गुलाबावर अळ्या दिसल्या आणि ती त्या झटकायला निघाली, तेव्हा मी (स्वभावाला औषध नाही) म्हणालो, "थांब, आधी नोंद होऊ दे."

नोंद होईपर्यंत अळ्यांनी अख्खी कुंडी फस्त केली. बायको हळहळली. पण कोषांतून दोन फुलपाखरं बाहेर आली तेव्हा तीही बघत राहिली. एक काळंभोर, पंखांवर पांढरे गोल ठिपके, त्यांच्याभोवती जांभळी झाक. दुसरं नारिंगी, पंखांची टोकं तेवढी काळी. मी दोघांना जाळीच्या टोपलीखाली ठेवलं आणि लगेच दोन फायली उघडल्या.

बायकोचं म्हणणं, एकाच कुंडीतला पाला खाऊन वाढलेली, कोषही सारखेच, तर एकाच घरची असणार. मी तिला समजावलं की वर्गीकरण हे शास्त्र आहे, भाजी निवडणं नव्हे. काळं फुलपाखरू मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही (पुस्तक एकच होतं आणि त्याची मधली पानं गळाली होती). म्हणजे नवी जात! अशा जातीला शोधणाऱ्याचं नाव देतात म्हणे. मी शिपायाच्या हाती संग्रहालयाला पत्र धाडलं आणि अख्ख्या कचेरीला चहा पाजला.

"आणि नाव लागलं नाही तर?" बायकोनं विचारलं.

"तर तुझ्या कुंड्यांना रोज सकाळी मी पाणी घालीन. जन्मभर."

दुसऱ्याच दिवशी संग्रहालयातल्या बाई आल्या. टोपलीत एकदा डोकावल्या आणि हसल्या.

"अहो, हे नवरा-बायको आहेत. काळा तो नर, नारिंगी ती मादी. ती एका कडू फुलपाखरासारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. नुसत्या दिसण्यावरून वर्गवारी केली की अशी फसगत होते."

माझं तोंड एवढंसं झालं. बायको आनंद लपवत होती आणि तिला ते मुळीच जमत नव्हतं. बाईंच्या सांगण्यावरून मी टोपली उचलली. दोघं एकापाठोपाठ कठड्यावरून उडून गेली, आणि खरं सांगतो, मलाही बरंच वाटलं.

निघताना बाई दारात थांबून बायकोला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचा उत्साह मात्र या वयातही दांडगा आहे हं."

"हो ना," बायको म्हणाली, आणि दार लावून तिनं झारी माझ्या हातात दिली.